बगळा मोठा की घोरपड

आका केझिया बातमी घेऊन आली तेव्हा मी यामचा कंद सोलत होते. बरं झालं हातात यामच होता, माझ्या भावाचं, टायटसचं डोकं नव्हतं.

"स्पीकर येतोय," म्हातारी पायरीवर टेकत म्हणाली. "शुक्रवारच्या बोटीने. हा एवढा. आणि एक ढोल येतोय. नवा, शहरातला."

"कसला ढोल?"

"प्लास्टिकच्या कातड्याचा. पावसात भिजला तरी वाजतो म्हणे. टायटस सगळ्यांना सांगत सुटलाय."

मी सुरी खाली ठेवली. ठेवली म्हणजे फळीत रोवली.

शनिवारी माझ्या नवऱ्याचा दगड उघडायचा होता. मालाकायला पुरून दोन वर्षं झाली होती. पण आमच्या बेटावर माणूस पुरला म्हणजे गेला असं होत नाही. त्याच्या थडग्यावर दगड बसवायचा, तो कापडाने झाकायचा, गाव जमवायचं, फादरनी प्रार्थना म्हणायची, मग कापड ओढायचं आणि ढोल-नाचात त्याला निरोप द्यायचा. तोवर तो घरातच कुठेतरी घुटमळत असतो. त्याच्या घरात ढोल वाजत नाही आणि त्याची बायको नाचत नाही. माझ्या घरात तर फार ढोल गप्प होते, कारण मालाकाय ढोल करणारा. शेजारच्या बेटांवरसुद्धा निम्मे ढोल त्याच्या हातचे आहेत. त्याचा स्वतःचा होता काळ्या लाकडाचा, कमरेत बारीक, तोंडाशी माशाने जबडा उघडावा तसा कोरलेला.

मला एवढंच हवं होतं. दगड लहान असू दे, जेवणाला कासव कमी पडू दे, पण शनिवारी तो ढोल वाजला पाहिजे. तो वाजल्याशिवाय मी माझा माणूस सोडणार नव्हते.

आणि त्या ढोलाला कातडं नव्हतं. दोन वर्षं तो पडवीत उलटा टांगलेला होता. माझा मुलगा जोथाम महिन्यापूर्वी सुट्टी घेऊन आला, त्याने तो खाली काढला, तर उंदरांनी कातडं खाऊन नुसती कड ठेवलेली. जोथाम ढोल मांडीवर घेऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा ओठ चावत राहिला.

ढोलाला घोरपडीचं कातडं लागतं. दुसऱ्या कशाचं चालत नाही. आणि मालाकायचे लोक म्हणजे घोरपडीचे लोक. घोरपड त्यांची पूर्वज. ते तिच्यावर हात उगारत नाहीत, ती स्वयंपाकघरात शिरली तरी "या" म्हणतात. जोथामही बापामुळे घोरपडच. मी आणि माझा धाकटा भाऊ टायटस जन्माने बगळ्याचे. आमच्या पांढऱ्या बगळ्याच्या पिसांची धारी करतात. नाचणाऱ्याच्या कपाळावर पंख्यासारखी उभी राहते ती. पण आम्ही बगळ्याचं पीस उपटू शकत नाही. म्हणून मग जन्मभर हे असं चाललं: मालाकायच्या ढोलासाठी घोरपड मारायची टायटसने, आणि टायटसच्या धारीसाठी बगळ्याची पिसं आणायची मालाकायने. एकमेकांचे पूर्वज मारून मेव्हणे-मेव्हणे सुखाने नांदत होते.

"मग कातडं कुठाय?" मी आका केझियाला विचारलं. "मी तुझ्याकरवी निरोप धाडला होता ना?"

"धाडला होतास. मी दिलाही."

"काय म्हणाला?"

म्हातारीने आपल्या स्कर्टवरची धूळ झटकली. तिथे धूळ नव्हती. "म्हणाला, सरपटणाऱ्या जनावराच्या कातड्याशिवाय दगड उघडत नाही असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुम्हाला वाटेल, त्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याने आणावं. नाही चालत. दगडाचं सगळं काम बायकोच्या माहेरच्यांनी करायचं असतं. त्यांना मरिगेथ म्हणतात. खड्डा त्यांनी खणायचा, दगड त्यांनी आणायचा, ढोल कोणता आणि नाच कोणता ते त्यांनीच ठरवायचं. घरच्यांनी कशाला हात लावायचा नाही, विचारायचंही नाही. दुःख करणाऱ्याने फक्त दुःख करावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे, पण ज्याने कुणी तो केला त्याला टायटससारखा भाऊ नसावा. मरिगेथांत टायटस मोठा. त्याचा शब्द शेवटचा.

दोन वर्षं तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बेट केवढं ते! एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस देवाचं नाव घेतो. पण टायटस माझ्या घरावरून जाताना समुद्राकडे बघत जायचा. मासे पाठवायचा ते दुसऱ्या कुणाच्या हाती. आणि जिथे चार माणसं बसलेली दिसतील तिथे घोरपडीची निंदा. घोरपड चोर. घोरपड माठ. घोरपड मेलेलं खाते. लोक आधी हसायचे, मग कमी हसायला लागले, कारण ज्याची थट्टा चालली होती तो मातीत होता.

पूर्वी ती थट्टा दोन्हीकडून चालायची. आमच्यात मेव्हण्याने मेव्हण्याचं नाव घ्यायचं नसतं, इमी म्हणायचं. या दोघांना इमी म्हणायचाही कंटाळा. एक घोरपड्या आणि एक बगळ्या. रोज संध्याकाळी माझ्याच पायरीवर सभा भरायची.

"घोरपड्या, तुझ्या आजीने आज माझ्या कोंबडीची अंडी खाल्ली."

"खाल्ली असतील. तुझा आजोबा सकाळपासून खाजणात एका पायावर उभा आहे, बगळ्या. दुसरा पाय धुवायला टाकलाय का?"

"बगळा आभाळात जातो. तुझी घोरपड फार तर झाडावर जाते, आणि तिथूनही पडते."

"जातो कुठे तुझा बगळा? भरती आली की उडतो, ओहोटी लागली की परत त्याच चिखलात. धुतलेला सदरा घालून चिखल तुडवतो नुसता."

"घोरपडीची जीभ फाटलेली असते. तुमच्या खानदानाला शोभते."

"आणि बगळ्याची मान वाकडी. पाण्यात स्वतःचं तोंड बघून बघून झालीय."

मी आतून ओरडायची, "दोघेही चोच बंद करा आणि जेवायला या!" मग घोरपडीला चोच नसते यावर जेवण संपेपर्यंत वाद. माझं मत विचाराल तर, मी जन्माने बगळा आणि घोरपडीच्या घरात आयुष्य काढलेली, मला दोन्ही जाती ठाऊक आहेत. बगळा म्हणजे सगळा दिखावा. वारा आला की आधी पिसं सावरणार. घोरपड संथ, अडाण्यासारखी बघणारी, पण एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. मी नवरा केला तो काही उगाच नाही.

तर मी याम तसाच टाकला आणि किनाऱ्यावर गेले. आका केझिया मागून, "डॉर्कस, नको गं, विचारायचं नसतं, डॉर्कस!" करत धापा टाकत येत होती.

बदामाच्या झाडाखाली मरिगेथ बसले होते. कुणी पेंढ्या बांधत होतं, कुणी खड्ड्यात डुकरं भाजायला दगड निवडत होतं. आणि टायटस मधोमध, मांडीवर धारी घेऊन, एकेक पांढरं पीस बोटांनी सरळ करत होता. ती पिसं कुणी आणली होती? माझ्या नवऱ्याने. मरायच्या आदल्याच आठवड्यात.

"कातडं कुठाय?" मी विचारलं.

टायटसने मान वर केली नाही. "सिसी, घरी जा. मरिगेथला विचारायचं नसतं."

"विचारायचं नसतं तर सांगायची वेळ आणू नये. माझ्या नवऱ्याच्या दगडावर तू प्लास्टिक बडवणार आहेस?"

"आवाज चांगला येतो. मी ऐकलाय. पलीकडच्या बेटावर दोघातिघांनी घेतलेत."

"पलीकडच्या बेटावर ढोल करणाऱ्याला पुरलंय का?"

"सिसी, ते एक जनावर आहे." आता त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आवाज उगाच चढवला. "सरपटणारं, कुजकं खाणारं जनावर. घाण वास मारतं ते. आजकाल कोण त्याच्या मागे तिवरांत भटकतं? बगळ्याची गोष्ट वेगळी. स्वच्छ पक्षी. वर बघायला लावतो."

"वर बघायला लावतो!" मी म्हटलं. "तुझं पोरपण वर बघण्यातच गेलं, टायटस. म्हणून आईने तुझ्या पायातले काटे काढले आणि बापाने तुझी जाळी विणली. त्या जनावराने तुला होडी चालवायला शिकवली. त्या जनावराच्या ढोलाशिवाय तुझ्या पांढऱ्या पिसांकडे कुणी ढुंकून बघितलं असतं का? उभं राहायचं नुसतं, खाजणात राहतोस तसं!"

कुणीतरी हसू दाबलं. टायटसचा चेहरा काळवंडला. "घरच्या बाईने इथे येऊन बोलणं ही लाज आहे," तो म्हणाला. "मालाका—" आणि थांबला. नाव तोंडात येता येता त्याने गिळलं. "इमीची लाज काढतेस तू."

"त्याची लाज तू दोन वर्षं काढतोयस. मातीतल्या माणसाला उलटून बोलता येत नाही म्हणून!"

हे बोलल्यावर झाडाखालचा एकही माणूस माझ्या बाजूला राहिला नाही. बायकांनी मला दंडाला धरून घरी आणलं. वाटेत आका केझियाने मला एवढं ऐकवलं की तिची कवळी निसटली. रीतीने ती बरोबर होती. मला रीत माहीत होती. पण रागाने अंगाचा तिळपापड झाला असताना बरोबर असलेल्या माणसांचा आणखीच राग येतो.

सकाळी मी कोयता घेतला.

जोथामने बघितलं. "आई, कुठे?"

"टाकीमागे."

त्याला कळलं. पाण्याच्या टाकीमागे आमच्या कोंबड्यांचा खुराडा, आणि तिथे रोज अंडी खायला यायची ती एक जुनी घोरपड. माणसाच्या मांडीएवढी जाड. मालाकाय तिच्यासाठी मुद्दाम एक अंडं ठेवायचा आणि मला ते ठाऊक नाही असं त्याला वाटायचं.

"आई, तू हात लावायचा नाहीस. तू घरची आहेस."

"मी बगळा आहे. मला घोरपड मारता येते."

"दगडासाठी नाही येत. आणि..." त्याचा आवाज फाटला. "आणि ती बाबांची आहे."

"मग तू तोंड फिरव. तुझ्या बाबांसाठीच चाललंय."

तो सरळ घराबाहेर पळाला. मला वाटलं रडायला गेला असेल.

घोरपड खुराड्याच्या कोपऱ्यात होती. मी जाळीचं दार लावून घेतलं, तेव्हा तिने गळा फुगवला, फुसकारली, शेपटी आवरून घेतली. पण बाहेर निघायला वाट नव्हती. मी कोयता वर केला. खरं सांगते, मला त्या घडीला घोरपड मारायची नव्हतीच. मला टायटस, तो स्पीकर, ते प्लास्टिक, आणि "घरी जा सिसी" मारायचं होतं, आणि समोर होती ही.

दार धाडकन उघडलं आणि टायटसने माझं मनगट धरलं. जोथाम त्याला घेऊन आला होता, दोघेही धावल्याने घामेघूम. घोरपड आमच्या पायांमधून सुटली, टाकीखाली शिरली. टायटस तिला बघून असा मागे सरकला की त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं.

"सोड," मी म्हटलं.

"मारू नको, सिसी. पाया पडतो. मारू नको."

"का? सरपटणारं जनावर ना? कुजकं खाणारं?"

त्याने मनगट सोडलं आणि कोंबड्यांच्या विष्ठेतच बसला. माझा भाऊ, जो इस्त्री केल्याशिवाय मासे पकडायला जात नाही.

"मी मारली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी. ढोलासाठी. त्याने पिसं दिली होती ना, मग माझी पाळी होती. तिवरांत सापडली. मोठी. मी भाला उगारला तरी ती पळाली नाही, सिसी. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी हसलो. म्हटलं, आज घोरपड्याला सांगतो, तुझे लोक किती ढ आहेत. घरी आणली, सोलली, हात धूत होतो, आणि किनाऱ्यावरून ओरडा ऐकू आला."

ओरडा मलाही आठवत होता. मालाकाय शेवंडी पकडायला पाण्याखाली गेला होता. सोबतच्यांनी वाट बघितली. मग तो वर आला, पण पाठ वर करून.

"डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं," मी म्हटलं.

"डॉक्टरला काय ठाऊक? डॉक्टर घोरपड आहे का?" टायटस हमसून हमसून रडायला लागला. "माणूस आणि त्याची घोरपड एकच असतात, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मी त्याला मारलं. कोणती होती ती मला कळायला हवं होतं. मी हसत होतो!"

जोथाम दारात उभा होता. त्याला काय वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याच्या मामाने ते बघू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले.

मग मला कळलं. दोन वर्षं हा गावभर सांगत होता की घोरपड म्हणजे नुसतं जनावर, माठ, चोर, घाण. गावाला पटावं म्हणून नव्हे. स्वतःला पटावं म्हणून. कारण ते नुसतं जनावर असेल तर त्याने फक्त एक जनावर मारलं होतं. ज्या दिवशी तो म्हणेल की घोरपड मोठी, त्या दिवशी तो खुनी.

तुम्हाला वाटेल माझं मन द्रवलं. छे. मी आणखी भडकले.

"तू मारलंस? तू?" मी म्हटलं. "एवढी लायकी आहे तुझी? माझ्या नवऱ्याला मारायला तुझा एक भाला पुरला? शहाण्या, बगळा तो बगळाच! पाण्यात बघतो तर स्वतःचं तोंड, दुसऱ्याच्या मरणात बघतो तर तिथेही स्वतःचंच तोंड! दोन वर्षं मी या घरात भिंतींशी बोलले. माझा एकच भाऊ, तोही आला नाही. का, तर त्याला स्वतःचं दुःख कुरवाळायचं होतं! अरे, मला वाटलं तुला त्याची लाज वाटते!"

"लाज?" तो दचकून म्हणाला. "त्याची?"

"मग काय वाटणार?"

त्याच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, केसांत कोंबडीचं पीस.

"कातडं कुठाय?" मी विचारलं.

"कोणतं?"

"त्या दिवशीचं. सोललंस म्हणालास ना. काय केलंस त्याचं?"

त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या होडीच्या शेडमध्ये, आढ्याला, तांदळाच्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. मीठ लावून वाळवलेलं. फेकायचं धाडस नव्हतं, द्यायचं तोंड नव्हतं. रोज तो त्याच्याखाली बसून जाळी दुरुस्त करायचा, वर बघायचा नाही.

"घेऊन ये," मी म्हटलं.

"सिसी, नाही."

"ते कातडं त्याला द्यायचं ठरलं होतं. त्याने पिसं दिली, तू घेतलीस. आता त्याचं त्याला दे. नाहीतर तो दगड झाकलेलाच राहील. मी कापडाला हात लावू देणार नाही, आणि फादर आले तर त्यांनाही हाच कोयता दाखवीन."

त्याने आणलं. आणताना दोन्ही हातांवर घेऊन आला, तान्हं मूल आणतात तसं.

ढोलाला कातडं चढवायचं काम मरिगेथचं, म्हणजे टायटसचंच. आणि टायटसला ढोल करता कुठे येत होता? मालाकाय करायचा, हा शेजारी बसून टवाळी करायचा. त्यामुळे पुढचे दिवस माझ्या परसात जे चाललं ते बघायला अख्खं बेट येऊन गेलं. मला हात लावायची परवानगी नाही. जोथामला नाही. आम्ही दोघं चटईवर बसून नुसतं बोलायचं.

"खाऱ्या पाण्यात आणखी भिजू दे. फाटेल."

"भिजलंय."

"फाटलं ना, तर तुझी पाठ सोलून लावीन."

"अवा, वेत आधी कडेला गुंडाळ," जोथाम मामाला म्हणाला. "बाबा डावीकडून गुंडाळायचे."

"तुझे बाबा सगळंच डावीकडून करायचे."

दोन वर्षांत तो पहिल्यांदा मालाकायबद्दल असं बोलला होता. बोलून झाल्यावर त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला हसायचं नव्हतं. मी अजून रागावलेलीच होते आणि मला ते सोडायची घाई नव्हती.

त्याने वेताचं कडं बसवलं, चीक लावला, कातडं ताणलं, उन्हात ठेवलं. राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं, दोन वर्षं अंधारात राहून कडक झालेलं. मधोमध मेणाच्या गोळ्या चिकटवल्या आवाज नीट बसायला. पण वाजवून बघितलं नाही. "बघ ना," मी म्हटलं, तर म्हणाला, शनिवारी. स्पीकर आणि प्लास्टिकचा ढोल बोटीवरून आले ते कुणी उघडलेच नाहीत. खोक्यावर पोरं चढून बसली.

शनिवारी वारा दक्षिणेकडून, स्वच्छ ऊन. सगळं बेट थडग्याभोवती. दगड फुलाफुलांच्या कापडात झाकलेला. घरचे म्हणून मी आणि जोथाम दगडाजवळ खाली बसलेलो, मान खाली, तोंड बंद. उठायचं नाही, बोलायचं नाही, मरिगेथ सांगतील तेव्हाच डोळे वर करायचे. फादरची प्रार्थना झाली. मग नाचणारे उभे राहिले, पायांना पेंढ्या, हातात फांद्या.

टायटस नेहमी नाचायचा. त्याच्यासारखा बगळा बेटावर कुणी नाचत नाही. त्या दिवशी त्याने धारी आपल्या चुलतभावाच्या मुलाच्या डोक्यावर बांधली आणि स्वतः ढोलाशी बसला. नारळाच्या झावळीच्या जाळावर त्याने ढोलाचं तोंड फिरवून फिरवून शेकलं. मग मांडीवर आडवा घेतला. हात वर नेला.

हात तिथेच राहिला.

लोक थांबले. वाऱ्याने कापड फडफडत होतं. नाचणारे एका पायावर. मी मान खाली ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. त्याची बोटं कातड्यावर टेकली, आणि असा आवाज आला जसं कुणी झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा. नाचणाऱ्यांना ऐकूही गेलं नाही. त्याने पुन्हा तसंच केलं. तिसऱ्यांदाही.

तो त्याला मारत नव्हता. तो त्याला दुखवायला घाबरत होता.

मी उभी राहिले. कुणाचा तरी हात माझा झगा ओढत होता, बहुतेक आका केझियाचा. मी ओढून घेतला.

"जोरात मार!" मी ओरडले. सगळ्या बेटासमोर, फादरसमोर. "मेलाय तो, टायटस! मेलाय! दुखणार नाही त्याला!"

दोन वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. लोक म्हणायचे "गेला," "झोपला," "देवाघरी." मीही तेच म्हणायची.

टायटसने माझ्याकडे बघितलं आणि पूर्ण हात उचलून मारला.

ढोल घुमला. जुन्या कातड्याचा होता तसा नाही, खालचा, खरखरीत, पोटातून येणारा. तान्ही पोरं दचकून रडायला लागली, झाडावरचे पक्षी उठले. टायटस रडत होता आणि मारत होता, आणि नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवर एकदम पडले. कातडं धरून राहिलं. कुणीतरी कापड ओढलं. माझ्या नवऱ्याचं नाव उन्हात आलं, त्याच्या खाली कोरलेली घोरपड, आणि तिच्या शेजारी, तिच्याएवढाच, एक बगळा. टायटसने दगडवाल्याला तसंच करायला सांगितलं होतं, कधीचं.

आणि तेव्हा माझा टायटसवरचा राग निघून गेला. मला वाटलं आता बरं वाटेल. पण तो राग गेल्यावर त्याच्या खालचा वर आला, जो दोन वर्षं मी दुसऱ्यांवर काढत होते. मी दगडापाशी गेले आणि त्याच्यावर थापड मारली. हात झिणझिणला.

"सकाळी तुझ्या छातीत कळ आली होती," मी मालाकायला म्हटलं. "मी बघितलं होतं. मी म्हटलं होतं, आज जाऊ नको. म्हणालास, पोटात वारा भरलाय, होईल कमी. एका शेवंडीसाठी, मालाकाय! एका शेवंडीसाठी मला सोडून खाली गेलास!"

ढोल चालूच होता. मी दुसरी थापड मारली. मग तिसरी. ढोलाच्या ठेक्यात मारत होते हे मला जोथामने नंतर सांगितलं.